आधी कादंबरी वाचावी की आधी लेखक माहीत करून घ्यावा?

मोंढ्यातला मुनीम, परभणी

नमस्कार मंडळी. मी परभणीच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहे. शिक्षण बारावी. हंगाम सोडला तर दुपारी दोन ते चार काट्यावर कुणी नसतं. त्या वेळात मागच्या वर्षीपासून वाचायला लागलो. आधी हाती लागेल ते वाचलं. मग वाचनालयातल्या मॅडम म्हणाल्या, आता जुन्या मोठ्या कादंबऱ्या धरा, आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. पुठ्ठा नवा चढवलेला, नावाचं पान गेलेलं. वरच्या कोपऱ्यात पेनानं 'पण लक्षात कोण घेतो' एवढंच लिहिलेलं.

त्यात यमू नावाची मुलगी स्वतःच आपली गोष्ट सांगते. लहानपण, भावाची माया, लग्न, सासर, नवऱ्यानं लिहायला-वाचायला लावलं ते सगळं. मी धरूनच चाललो होतो की कुण्या बाईंनी ही आपलीच हकीकत लिहून ठेवली असणार. रात्री जेवणं झाल्यावर आजीला वाचून दाखवायचो. आजी ८६ वर्षांची आहे, शाळेत गेलेली नाही. सुपात डाळ घेऊन खडे निवडत ऐकायची. नवरा गेल्यावर यमूचं बळजबरीनं केशवपन करतात तिथं आलो, तर तिचा हात सुपातच थांबला. मला म्हणाली, "बस कर आता." दिवा मालवल्यावर अंधारात बोलायला लागली. लहानपणी ती गावातल्या वाड्यावर आईसोबत दळायला जायची. तिथं एक काकीबाई होत्या. आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं नेसायच्या, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. मागच्या दारानं आजीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या आणि "बोलू नको कुठं" म्हणायच्या. "एकदा वाऱ्यानं पदर उडाला, तवा मी बघितलं," म्हणाली आजी. पुढं काही बोलली नाही. माझं वय ३९ आहे, घरात हे मी कधीच ऐकलं नव्हतं.

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा मॅडमनी सांगितलं की हे हरि नारायण आपट्यांनी लिहिलं. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं, त्यात ही गोष्ट क्रमाक्रमानं छापून आली. तेव्हा त्यांचं वय २६. मी काउंटरपाशी उभाच राहिलो. खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं. ज्या बाईवर विश्वास ठेवून मी एवढी पानं वाचली, ती बाई नव्हतीच. दोन-तीन दिवसांनी उलटं वाटायला लागलं, की २६ वर्षांच्या पुरुषाला हे कळलं तरी कसं?

म्हणून विचारतो. आधी लेखकाचं आयुष्य माहीत करून घेऊन पुस्तक उघडावं, की काहीच माहीत नसताना वाचावं? आणि यापुढं कुणाचं वाचू? जाणकारांनी सांगावं.

---

बारनिशी, सेलू

मुनीमसाहेब, तुमची आजी सुपातला हात थांबवून बसली ते वाचून मी पण थोडा वेळ थांबलो. त्यांना माझा नमस्कार सांगा.

माझं मत सांगतो. लेखक कुठं जन्मला, लग्न कधी झालं, मानसन्मान कोणते मिळाले, हे नंतर वाचलं तरी चालतं. आधी एकच गोष्ट विचारायची. हा माणूस दिवसभर पोटासाठी काय करत होता? कुठं बसत होता, समोर कोण येत होतं, हातात कुठला कागद होता? लिहिणाऱ्याची भाषा तिथं घडते.

आपट्यांचंच घ्या. पुण्यात त्यांच्या काकांनी, महादेव चिमणाजी आपट्यांनी, आनंदाश्रम ही संस्था काढली. जुन्या संस्कृत पोथ्या जमवायच्या, शुद्ध करून छापायच्या, हे तिचं काम. तिचा कारभार हरिभाऊ बघायचे. आता विचार करा. ज्या शास्त्राचं नाव घेऊन यमूच्या डोक्यावर वस्तरा फिरवला, त्या शास्त्राचे कागद रोज यांच्या हाताखालून जात होते. शास्त्र काय बोलतं आणि घरातली माणसं त्याच्या नावावर काय करतात, हे या माणसाइतकं जवळून बघायला कुणाला मिळालं असेल? शिवाय दर आठवड्याला अंक काढायचा. कादंबरी चालू असतानाच १८९१ साली संमतीवयाचा कायदा झाला. मुलीशी शरीरसंबंधासाठीची वयाची अट १० वरून १२ वर नेली, एवढ्यावरून पुण्यात केवढा वाद पेटला होता. त्या गदारोळात हरिभाऊ दर आठवड्याला एका मुलीच्या तोंडून साध्या घरगुती मराठीत बोलत राहिले. तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं, पण यमू खोटी नाही. तुमच्या आजीनं तिला ओळखलं ना!

आता दुसरा लेखक. हा आपल्या घरचा, तुमच्याच गावात नांदलेला. बी. रघुनाथ. भगवान रघुनाथ कुलकर्णी. परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा जन्म, १९१३ चा. हैदराबादला मॅट्रिकपर्यंत शिकले आणि पोटासाठी बांधकाम खात्यात कारकून झाले. ७ सप्टेंबर १९५३ ला परभणीतच गेले, चाळिशीत. तेवढ्या आयुष्यात सात कादंबऱ्या: 'ओ', 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात', 'म्हणे लढाई संपली', 'जगाला कळले पाहिजे', 'आडगावचे चौधरी'. वर 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल', 'आकाश' हे कथासंग्रह, आणि कविता वेगळ्या. तुम्ही त्यांच्या नावाच्या सभागृहावरून शंभर वेळा गेला असाल.

मी ३४ वर्षं बांधकामाच्याच कारकुनीत काढली, म्हणून हा लेखक मला जवळचा. आवक-जावक बारनिशीपासून सुरुवात केली, नाव इथं तेच घेतलंय. सुरुवातीची वर्षं रोजगार हमीच्या कामांवर होतो, मस्टर लिहायला. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडायची कामं. शनिवारी पगार वाटायचा. टेबल म्हणजे उलटं घमेलं. माणूस समोर यायचा, मी नाव वाचायचो, दिवस मोजायचो, अंगठा घ्यायचो. एक म्हातारी होती, खडी फोडायची. तिचा अंगठा शाईत दाबून कागदावर टेकवला, तर नुसता निळा गोळा उठला. रेषच नाही. मला वाटलं शाई जास्त झाली. पुसून परत घेतला. परत तेच. दगड धरून धरून अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. ती माझ्याकडं बघत होती, की आता हा पैसे देतो का नाही. मी साक्षीदाराची सही घेऊन पैसे दिले. त्या रात्री मला लिहायचं होतं, दोन ओळी लिहिल्या आणि पुढं जमलं नाही.

त्यानंतर कधीतरी बी. रघुनाथांचं पुस्तक हाती आलं. निजामाच्या राज्यात दफ्तर उर्दूत चालायचं. दिवसभर त्या दफ्तरात मान घालायची आणि घरी येऊन कंदिलाशी मराठी लिहायची. आजूबाजूला मोठं मराठी मासिक नाही, पुण्या-मुंबईच्या मंडळींशी रोजची उठबस नाही. असं असताना सात कादंबऱ्या! मी दोन ओळींवर थांबलो होतो, तो माणूस थांबला नाही. कचेरीतून घरी आल्यावर अंगात काय शिल्लक राहतं ते मला माहीत आहे. म्हणून त्यांचं प्रत्येक पान मला दुप्पट वजनाचं लागतं.

अजून एक गोष्ट मनात ठेवून वाचा. निजामाचं राज्य संपवणारी पोलिस ॲक्शन १९४८ ला झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला १९५६ ला. म्हणजे हा मराठी लेखक जन्मला निजामाच्या राज्यात आणि गेला हैदराबाद राज्यात. महाराष्ट्राची रेघ त्यानं नकाशावर बघितलीच नाही.

कादंबरीआधी त्यांची 'चंदनाच्या विठोबाची माय' ही कविता आजीला वाचून दाखवा. घरातलं लेकरू गावाला गेलंय, त्याचा खेळातला विठोबा मागं राहिलाय आणि ओसरी रिकामी पडलीय, एवढीच गोष्ट. पण ओस पडलेली ओसरी काय असते ते मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

---

ओपीडीतून, अंबाजोगाई

बारनिशी काका, तुमचं "पोटासाठी काय करत होता" हे फार पटलं. मी इथं मेडिकलला शेवटच्या वर्षाला आहे. मला चेखव असाच कळला.

अंतोन चेखव, रशियातला. जन्म १८६०. आजोबा भूदास होते, म्हणजे जमिनीसकट मालकाच्या ताब्यातले. त्यांनी पैसे भरून कुटुंब सोडवून घेतलं. बापाचं किराणा दुकान बुडालं. चेखव मॉस्कोला डॉक्टरकी शिकता शिकता विनोदी मासिकांना छोट्या गोष्टी द्यायचा आणि त्या पैशावर घर चालवायचा. १८८४ ला डॉक्टर झाला, त्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या थुंकीत रक्त दिसलं. क्षयानं तो १९०४ साली गेला, ४४ व्या वर्षी. मधे १८९२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा मेलिखोवो या गावी राहून २५ खेडी, चार कारखाने आणि एक मठ एवढ्यांची जबाबदारी त्यानं एकट्यानं घेतली, बिनपगारी.

त्याची एक गोष्ट आहे, टांगेवाल्याची. बर्फ पडतोय, योना नावाचा म्हातारा घोडागाडी घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघत बसलाय. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात वारलाय. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो ते सांगू बघतो. कुणी घाई करतं, कुणी शिव्या देतं, कुणी झोपी जातं. शेवटी तबेल्यात घोडीला चारा घालताना तो तिलाच सगळं सांगत बसतो. गोष्ट १८८६ ची. मुनीम दादा, तेव्हा चेखव पण २६ वर्षांचाच होता.

मी हे पहिल्या वर्षी वाचलं तेव्हा नुसतं वाईट वाटलं होतं. मागच्या महिन्यात ओपीडीत पूस रोडकडच्या एका गावचे आजोबा आले. केस पेपरवर मी 'गुडघेदुखी, दोन महिने' लिहिलं. ते उठेनात. बाहेर रांग लागलेली. मी विचारलं, अजून काही त्रास? म्हणाले, "गुडघ्याचं काय नाही बाई, नातू गेला चैतात." केस पेपरवर ते लिहायला रकाना नव्हता. मी पेन खाली ठेवून ऐकलं, पाचेक मिनिटं असतील. रात्री रूमवर येऊन परत ती गोष्ट काढली आणि या वेळी मला चेखवमधला डॉक्टर दिसला. तो कुठं रडत नाही, सल्ला देत नाही. काय दिसलं ते लिहितो आणि थांबतो. वॉर्डात आमच्याकडून हेच करून घेतात, आधी नीट बघा, मत नंतर.

म्हणून माझं उत्तर असं, की पुस्तक दोनदा वाचा. एकदा काही माहीत नसताना आणि एकदा माहीत झाल्यावर.

---

काळी माती, कळंब

सगळ्यांचं मत वाचलं. मला पटलं नाही, म्हणून लिहितो. राग मानू नका.

शाळेच्या पुस्तकात आम्हाला 'लाल चिखल' होती, भास्कर चंदनशिवांची. बाप-लेक टोमॅटो घेऊन बाजारात जातात, भाव पडलेला असतो, शेवटी बाप टोमॅटो पायाखाली तुडवतो. आमच्या वर्गात ४२ पोरं. सर मोठ्यानं वाचत होते आणि शेवट आला तेव्हा वर्गात पंख्याचा आवाज येत होता, दुसरा नाही. लेखक कोण, काय करतो, कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याच तालुक्यातले आहेत हे मला लई वर्षांनी कळलं. कळून गोष्टीत काय वाढलं? काही नाही. कारण त्या आधीच्या उन्हाळ्यात माझ्या बापानं कोथिंबिरीच्या जुड्या बाजाराच्या गेटवर ओतून दिल्या होत्या आणि मोकळं पोतं झटकून, घडी घालून घरी आणलं होतं. ते पोतं अजून आमच्या माळवदावर आहे. मला लेखकाच्या आयुष्याची गरज पडली नाही, माझं होतंच.

रा. रं. बोराडे सरांची 'पाचोळा' ही कादंबरी पण तशीच. १९७१ ची, शंभरेक पानांची. खेड्यातला शिंपी, त्याच्या बायकोच्या, पारबतीच्या तोंडून सांगितलेली, आपल्या बोलीत. मी ती एका बसक्यात वाचली, लातूर ते पुणे रात्रीच्या गाडीत, मोबाईलच्या उजेडात. शेजारच्यानं विचारलं, "काय झालं, घरी काही वाईट का?" ते पुस्तक वाचताना बोराडे सर प्राध्यापक होते का प्राचार्य, हे मधे आलं असतं तर माझी पारबती माझ्यापासून लांब गेली असती.

माझं सांगणं एवढंच, पुस्तकाला एकटं येऊ द्या. मुनीमभाऊ, तुम्ही नावाचं पान नसलेलं पुस्तक वाचलं ते नशीबच म्हणायचं.

---

चिमटा, छत्रपती संभाजीनगर

मी उर्दू शाळेत शिकवते. बारनिशी साहेबांचा धागा पुढं नेते, मग काळी माती भाऊंचं बोलते.

प्रेमचंद. नाव धनपतराय, लमहीचा जन्म, १८८० चा. आमच्या मुलांना नेहमी आश्चर्य वाटतं की हिंदीचा हा मोठा लेखक आधी उर्दूत लिहायचा. नवाबराय या नावानं. १९०८ साली 'सोज़े वतन' हा कथासंग्रह काढला आणि सरकारनं त्यात राजद्रोह बघितला. इंग्रज जिल्हाधिकाऱ्यानं बोलावून घेतलं, प्रती जाळल्या. तेव्हा ते सरकारी नोकरीतच होते, शाळा तपासणीस. लिहायचं तर नाव बदलणं भाग होतं. 'ज़माना'चे संपादक दयानारायण निगम यांनी 'प्रेमचंद' सुचवलं. म्हणजे ज्या नावानं जग ओळखतं, ते नोकरी आणि लेखणी दोन्ही सांभाळायला घेतलेलं नाव. पुढं १९२१ ला गांधीजींचं ऐकून नोकरीच सोडली.

शाळा तपासायला ते गावोगाव बैलगाडीनं फिरायचे. 'ईदगाह'मधला हामिद मला तिथलाच वाटतो. तीन पैसे घेऊन जत्रेत गेलेलं लेकरू खेळणं घेत नाही, मिठाई घेत नाही, दादीची बोटं तव्यावर भाजतात म्हणून चिमटा आणतं. दरवर्षी हा धडा शिकवते. एकदा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, लिहिणाऱ्याची पण दादी होती का?" तिला सांगितलं की प्रेमचंद सात-आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली आणि मग काही काळ आजीनं सांभाळलं. ती मुलगी स्वतः नानीकडं राहते. पुस्तक उचलून तिनं ते चित्राचं पान नीट सपाट केलं, हातानं, दोन-तीनदा.

भाऊ, तुमच्याकडं तुमच्या वडिलांचं पोतं होतं. सगळ्याच वाचणाऱ्यांकडं गोष्टीत शिरायला असं काही असेल असं नाही. त्या मुलीला तिथं धरायला एक हात मिळाला.

मुनीम साहेब, शिवरानी देवींचं 'प्रेमचंद घर में' जरूर मिळवा. त्या बालविधवा होत्या, प्रेमचंदांनी त्यांच्याशी दुसरं लग्न केलं. नवऱ्याबद्दल बायकोनं इतक्या सरळपणे लिहिलेलं मी दुसरं वाचलं नाही.

---

बारनिशी, सेलू

काळी माती भाऊ, राग कशाचा? पोत्याचं लिहिलंत तिथं मी हरलो. एक मात्र तुमच्याच बोलण्यातून ध्यानात आलं. हरिभाऊंनी यमूच्या तोंडून सांगितलं आणि ८० वर्षांनी बोराडे सरांनी पारबतीच्या तोंडून. काटगावात जन्मलेला माणूस, कानावर तीच बोली. बायका धुण्यावर, जात्यावर, चुलीपाशी जे बोलतात ते ऐकत बसल्याशिवाय 'पाचोळा'तली एक ओळ लिहून होत नाही. तुम्ही लेखकाला बाजूला सारलं, तरी त्याचे कान तुमच्यासोबत त्या गाडीत होते.

'ओपीडीतून' यांना एक विनंती. त्या आजोबांचं कुठंतरी लिहून ठेवा, दोनच ओळी झाल्या तरी.

---

मोंढ्यातला मुनीम, परभणी

सगळ्यांचे आभार. उशिरा उत्तर देतोय, सोयाबीनची आवक सुरू झाली, रात्री नऊशिवाय हिशेबाच्या पट्ट्या पुऱ्या होत नाहीत.

चंदनाच्या विठोबाची कविता वाचनालयातल्या एका निवडक संग्रहात मिळाली. वहीत उतरवून आणली आणि आजीला वाचून दाखवली. तिनं दोनदा म्हणायला लावली. मग सांगितलं की लिहिणारा आपल्याच परभणीचा, बांधकाम खात्यात कारकून होता. "मग त्याला रजा भेटत नसंल," म्हणाली, "लेकरू गावाला गेलं अन् हा हितंच राहिला." मला हे सुचलं नव्हतं.

काल मात्र तिनं स्वतःहून यमूचं काढलं. मी तिला आधी सांगितलंच नव्हतं की ते पुस्तक पुरुषानं लिहिलंय. काळी माती भाऊंचं वाचून वाटलं होतं की नको सांगायला, तिची यमू तिच्याजवळ राहू दे. पण खोटं कशाला ठेवायचं म्हणून सांगून टाकलं. पुण्याचा माणूस, २६ वर्षांचा, पोथ्यांच्या संस्थेत काम करणारा, सगळं सांगितलं. तिला माझ्यासारखं वाईट वाटलं नाही. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याच्या घरात बी कुणी काकीबाई असंल. तिनं सांगितलं असंल त्याला. नुसतं बघून इतकं कळत नसतं."

मग मला विचारलं, "आमच्या काकीबाईचं कुणी लिवलं का रं?"

मी वही काढलीय. तिला नाव आठवत नाही, वाडा आठवतो, मागचं दार आठवतं. आज रात्री पट्ट्या झाल्या की बसणार आहोत.